चांदण्यातलं लाकूड

चांदण्यात लाकूड तोडू नये, हे आमच्या पाड्यावर शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. अंधाऱ्या पंधरवड्यात तोडलेलं लाकूड वर्षानुवर्षं टिकतं. चांदण्यातल्या लाकडात भुंगा शिरतो आणि आतून सगळं पीठ करून ठेवतो. बांबू असो, घराचा वासा असो, नाहीतर देवाचं सोंग असो, आमच्याकडे कोयता उचलायच्या आधी माणूस आभाळाकडे बघतो. माझ्या नवऱ्याला, जिवाला, हे माहीत नव्हतं असं कोणी म्हणू नका. त्याच्या बापाने त्याला पटाशी धरायला शिकवायच्या आधी चंद्र बघायला शिकवलं होतं.

पण चंद्र बघून सुटी देणारा शेठ कुठे मिळतो?

जिवा वसईला फर्निचरच्या कारखान्यात कामाला. दिवाळीच्या तोंडावर लोकांना कपाटं पाहिजेत, पलंग पाहिजेत, म्हणून दिवाळी होईस्तोवर त्याला सोडत नाहीत. इकडे अमावस्येआधी सगळा पाडा वाघदेवाची वाघबारस करतो, तेव्हा हा तिकडे सनमायका चिकटवत बसलेला. घरी येतो तो भाऊबीजेला. म्हणजे अमावस्या सरली, चंद्र वाढायला लागला, की आमचा जिवा जव्हारच्या डेपोत उतरतो. शिमग्याला येतो तो पुनवेच्या तोंडावर, आणि होळी पेटली की दुसऱ्या दिवशी परत. अंधारा पंधरवडा त्याच्या वाट्याला येतच नाही. मी त्याला चिडवायची, "तुझं लगीन माझ्याशी लागलंय का चंद्राशी?" तो हसायचा. आता नाही मी चिडवत.

आमच्या घरात त्राटिकेचं सोंग, म्हणजे लाकडी मुखवटा, आहे. चैत्रात गावात बोहाडा होतो, देवांची नि राक्षसांची सोंगं नाचतात, त्यातली त्राटिका आमची. ज्याच्या घरचं सोंग त्यानेच ते कोरायचं, जपायचं, तोंडाला बांधून नाचायचं, अशी रीत. घरात कोरणारा हात उरला नाही की सोंग दुसऱ्याच्या घरी जातं. त्यात भांडण नाही, तंटा नाही. जातं म्हणजे जातं.

जुनी त्राटिका माझ्या सासऱ्याच्या हातची होती. ती कपाळातून फाटली. बोहाडा झाल्यावर जिवाने ती दाभोशाच्या नदीत सोडली आणि घरी येऊन म्हणाला, "पुढची मी एकटा नाय करणार. करिष्माला बरोबर घेणार."

करिष्मा आमची मोठी, तेव्हा चौथीत गेली होती. धाकट्या दिपेशला अजून चड्डीची नाडी बांधता येत नव्हती.

"पोरीला?" मी म्हटलं.

"हात आहेत तिला. बघितलंस ना, चुलीच्या लाकडातून बाहुली काढते ती. माझे हात तिकडे मशीन धरून धरून बिघडले गं पोशी. नुसतं सरळ कापायची सवय लागली. आणखी थोडी वर्षं गेली तर मलाच यायचं नाय. मग मी तिला काय देणार? सनमायका?"

तो हे बोलला तेव्हा त्याचा आवाज असा झाला की मी गप्प बसले. मी सहसा गप्प बसणारी बाई नाही.

त्याचा चुलतभाऊ लहान्या शेजारी राहतो. तो ऐकून म्हणाला, "अरे, पोरगी त्राटिका कोरणार? बाईमाणसाने सोंगाला हात लावायचा?" जिवाने त्याला तिथल्या तिथे गप्प केलं. "नाचायला बाप्या लागतो. कोरायला हात लागतो. तुझा हात पुढे कर, तुला शिकवतो." लहान्याने हात खिशात घातला.

तर त्या भाऊबीजेला जिवा आला आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच कोयता नि कुऱ्हाड घेऊन निघाला. आमच्या बांधावर जुना पांगारा आहे. पांगाऱ्याचं लाकूड हलकं, सोंगाला तेच लागतं.

मी दारात आडवी उभी राहिले. "डोळे फुटले का तुझे? काल चंद्राची कोर दिसली मला. थांब पुनव होईपर्यंत."

"पुनवेला मी वसईत असणार."

"मग लहान्याला सांगून जा, तो तोडेल अंधाऱ्यात."

"आणि कोरणार कोण? मी इथे आहे हे आठ दिवस. लाकूड ओलं असतं तेव्हाच पोरीच्या हाताला ऐकेल. वाळल्यावर ते तिला शिकवणार नाय, रडवणार." मग त्याने पिशवीतून एक बाटली काढली. "हे बघ, औषध आणलंय. प्लायवूडला मारतो आम्ही तिकडे. वाळवी, भुंगा, काही शिवत नाय. शेठच्या कपाटाला चंद्र कोण बघतो? टिकतात ना ती?"

आता शहरातली कपाटं किती टिकतात ते मला काय माहीत? मी बाजूला झाले. करिष्मा त्याच्या मागे पळाली, दिपेश तिच्या मागे, आणि मी तिघांना शिव्या घालत चुलीपाशी गेले.

ते आठ दिवस मात्र मी विसरणार नाही. अंगणात सगळीकडे ढलपे. भातात ढलपे, अंथरुणात ढलपे, दिपेशच्या केसांत ढलपे. जिवाने पहिल्या दिवशी सोंगाला हातच लावू दिला नाही. फांदीचा तुकडा देऊन म्हणाला, "भोवरा कर." करिष्माचं तोंड एवढंसं झालं. भोवरा! दिपेश मात्र नाचायला लागला. तिने केला कसातरी. एकीकडे फुगलेला, फिरवला की लंगडायचा. जिवाने तो हातात घेतला, सगळीकडून बघितला आणि म्हणाला, "कुठे चुकला ते मला विचारू नको. भोवऱ्याला विचार." मग ती फिरवत बसली, बघत बसली, आणि जिकडे तो झुकतो तिकडून छिलत बसली. संध्याकाळी भोवरा सरळ उभा राहिला. पोरीने अशी किंकाळी मारली की कोंबड्या उडाल्या.

मग पटाशी. तिच्या मुठीवर स्वतःची मूठ ठेवून तो बसायचा. "ढकलू नको. चालू दे तिला. ही रेघ बघ लाकडाची, हिच्या बाजूने गेलीस तर लाकूड तुझं ऐकतं. उलटी गेलीस तर फाटतं. आणि दुसरा हात पटाशीच्या पुढे? कधी नाय. झोपेत पण नाय." तिने एकदा ठेवलाच पुढे, तर त्याने हातातली पटाशी काढून घेतली आणि दिवसभर दिली नाही. ती रडली, रुसली, जेवली नाही. दुसऱ्या दिवशी स्वतः येऊन म्हणाली, "बा, आता हात मागे ठेवीन." जिवा माझ्याकडे बघून हसला. बाप लेकीला हसतो तसं नाही. जोडीदार मिळाल्यावर माणूस हसतो तसं.

बाहेरून त्राटिकेचं तोंड त्याने वाकसाने तासून काढून दिलं. मोठं कपाळ, वटारलेले डोळे, फेंदारलेलं नाक. आतली बाजू पोकळ करायची आणि दात कोरायचे, हे काम त्याने करिष्मावर सोपवलं. जाताना तिच्या हातात गोल पटाशी दिली, त्याच्या बापाची. "आतून दोन बोटं जाड ठेव. घाई नको. रोज थोडं." औषध त्याने सगळीकडून दोनदा चोपडलं. घरभर असा वास की दिपेश नाक धरून फिरायचा.

तो गेल्यावर पोरगी रोज शाळेतून आली की बसायची. जेवायला हाक मारून मारून माझा घसा बसायचा. टेकाडावर फोनला रेंज येते, तिथे नेऊन ती त्याला व्हिडिओवर त्राटिका दाखवायची. "बा, हा सुळा वाकडा झाला." "होऊ दे. राक्षसीण आहे, तिचे दात काय डॉक्टरने बसवलेत?" दोघं हसायची. मी मागे पाण्याचा हंडा डोक्यावर घेऊन उभी. मला बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू, मला वाटायचं की जमलं. हा माणूस तिकडे आहे, पण त्याचा हात इकडे घरात आहे.

संक्रांत होऊन गेली आणि एका सकाळी मला सोंगाखाली पीठ दिसलं.

ढलपे नाहीत. पीठ. तांदळाचं दळून ठेवावं तसं बारीक, पांढरं, छोट्या छोट्या ढिगाऱ्यांत. मी सोंगाला कान लावला. आत कर्र कर्र चाललं होतं.

करिष्मा झाडू घेऊन आली नि ते पीठ गोळा करायला लागली. "आय, पाय नको देऊ. पॉलिश पेपरने घासलं ना काल, त्याचा भुगा आहे."

मी तिच्या तोंडाकडे बघितलं आणि तशीच टेकाडावर गेले. जिवाला फोन लावला. "भुंगा लागला तुझ्या लाकडाला. घाल तुझं औषध चुलीत."

पलीकडे मशीनचा आवाज येत होता. तो म्हणाला, "तिला सांगितलंस?"

"नाय अजून."

"नको सांगू. पोशी, ऐक माझं. पहिलंच काम आहे तिचं. आत्ता कळलं तर हात आखडेल. शिमग्याला येतो ना मी, सुईने भोकाभोकात औषध भरतो. बोहाड्यापुरतं टिकलं की झालं. मग सांगू."

"आणि नाय टिकलं तर?"

"टिकेल."

मला पटलं नव्हतं. पण काम त्याचं, लेक त्याची, शिकवणारा तो. मी तोंडाला कुलूप लावलं. रोज सकाळी पोरगी पीठ झाडायची, मी बघायची. रोज.

शिमग्याला तो आला. करिष्मा शाळेत गेली की दार लावून बसायचा, डॉक्टर टोचतात तसली सुई घेऊन एकेका भोकात औषध भरायचा, वरून मेण लावायचा. ती घरी यायच्या आत सगळं आवरलेलं. मग दोघं मिळून रंग द्यायला बसायची. हिरवं तोंड, लाल जीभ, पांढरे सुळे. दिपेश त्राटिकेला घाबरून घरात येईना, त्याला अंगणात जेवायला वाढावं लागलं. करिष्माला त्याचं एवढं कौतुक! "आय, खरी वाटते ना?" वाटत होती. काय सांगू, सासऱ्याच्या त्राटिकेपेक्षा जिवंत वाटत होती.

बोहाड्याला जिवाने एका दिवसाची सुटी मिळवली. सकाळच्या एसटीने आला, आंघोळ केली, आणि दुपारी अंगणात सोंग बांधून बघायला बसला. पाड्यातली माणसं जमली होती. लहान्याही आला होता, त्याच्या हातात प्लास्टिकची मोठी पिशवी. करिष्मा नवा फ्रॉक घालून बापाच्या समोर उभी. तिने सगळ्यांना आधीच सांगून ठेवलं होतं, आतली बाजू माझी, दात माझे.

जिवाने सोंग उचललं आणि त्याचा चेहरा पडला. मला दिसलं ते. त्या लाकडात वजनच उरलं नव्हतं. तरी त्याने ते तोंडाला लावलं, कानाजवळच्या भोकातून दोरी ओवली आणि गाठ मारायला दोरी ओढली.

मोडल्याचा आवाजसुद्धा झाला नाही. भाकरी मोडावी तशी त्राटिकेची गालफडं मोडली, आणि जिवाच्या मांडीवर, शर्टावर, भुईवर पीठ सांडलं. रंगाची नुसती साल उरली होती. तिच्यावर सुळे लटकत होते.

सगळ्यांच्या आधी करिष्मा बोलली.

"बा, मी केलं."

"काय?"

"तू दोन बोटं सांगितलं होतंस. मी आतून आणखी कोरलं. तू रात्रभर नाचणार, तुझी मान दुखेल म्हणून हलकं केलं." आणि तिने भुईवरचा एक तुकडा उचलला. "माझ्यानेच मोडलं."

अरे देवा. त्या वेळी मला धरणी दुभंगेल तर बरं असं झालं होतं.

जिवा सोंग टाकून तिच्यापाशी गुडघ्यावर बसला. "नाय गं. तुझा हात नाय चुकला. हे पीठ बघ. भुंगा आहे हा. लाकूड मी चांदण्यात तोडलं. चूक माझी. संक्रांतीपासून माहीत आहे मला."

"संक्रांतीपासून?"

"हो."

"मग शिमग्याला का नाय सांगितलंस? आपण दोघं रंग देत होतो तेव्हा?"

जिवा शर्टावरचं पीठ झटकत राहिला.

"तू आता उगाच बोलतोस," करिष्मा म्हणाली. "मला बरं वाटावं म्हणून. भुंगा असता तर तू आधीच सांगितलं असतंस."

ती घरात गेली. मी मागून गेले, तिला जवळ घेतलं, मीही सांगितलं. मी कान लावला होता, मी ऐकलं होतं. तिने माझ्याकडे असं बघितलं, जशी काही मी बापाची बाजू घेतेय. आठ दिवस बसून बापाने जे दिलं होतं, ते एका खोट्यापायी गेलं. त्याने खोटं मायेनेच ठेवलं हे मला कळतं. पण मला राग येतो अजून, काय करू? भुंगा परवडला असता. भुंगा निदान लाकूडच खातो.

बाहेर लहान्या पिशवीतून नाशकाहून आणलेली फायबरची त्राटिका काढत होता. चकचकीत, हलकी, सारखे दात. "वहिनी, मी मुद्दाम नाय आणली," तो मला म्हणाला. "गावकऱ्यांनी सांगितलं, असू दे एक जवळ." मला माहीत होतं तो खरं बोलतोय. त्या वर्षी त्राटिका लहान्याने नाचवली. आता ती त्याच्याच घरी भिंतीला टांगलेली असते. जिवाने बोहाडा बघितला नाही, दुपारच्याच गाडीने वसईला गेला.

करिष्माने आजोबांची पटाशी फडक्यात गुंडाळून माळ्यावर ठेवली. मी ती खाली काढून ठेवली की ती परत वर ठेवायची. टेकाडावर फोनवर बापाशी बोलायची ती शाळेचं, दिपेशचं, भाजीचं. लाकडाचं नाही.

मग पाऊस झाला, भात कापायला आलं. दिवाळीच्या आधीचा कारखान्यातला धावपळीचा काळ. वाघबारशीच्या आदल्या दिवशी मी खळ्यावर होते, तर लहान्या पळत आला. "वहिनी, जिवा आलाय."

"आत्ता? खुळा झालास काय?"

घरी गेले तर जिवा ओट्यावर बसलेला. उजव्या हाताला हे एवढं पांढरं बँडेज. मशीनने तीन बोटं नेली होती. कटरच्या पुढे हात कसा गेला, त्याचं त्यालाच कळलं नाही म्हणे. करिष्मा त्याच्यासमोर उभी होती, बँडेजकडे टक लावून. दुसरा हात पटाशीच्या पुढे कधी नाय, झोपेत पण नाय, हे जिने त्याच्याकडून ऐकलं होतं, ती.

कित्येक वर्षांत पहिल्यांदा जिवाने वाघबारस बघितली. त्या रात्री आम्ही झोपेपर्यंत चंद्र उगवला नाही. सकाळी उठून तो मला म्हणाला, "पोशी, अंधारा पंधरवडा आहे." मी भाकरी थापत होते, माझा हात थांबला. रडावं की ओरडावं तेच मला कळेना.

लहान्याला बरोबर नेऊन त्याने बांधावरच्या पांगाऱ्याचं उरलेलं खोड तोडवून आणलं. चांगला जाड ओंडका. अंगणात ठेवला, सावलीत. मग माळ्यावरची पटाशी त्याने डाव्या हाताने काढली, फडकं सोडलं आणि करिष्मापुढे धरली.

"चल. आतली बाजू नाय, आता सगळंच तुझं. मी नुसता सांगणार."

ती अभ्यासाचं पुस्तक घेऊन बसली होती. "मला नाय येत, बा."

"येतं गं. तुझ्यासारखे दात मला पण काढता येत नाय."

"नाय येत."

"लाकूड अंधाऱ्यातलं आहे. मी स्वतः चंद्र बघून तोडवलंय. या वेळी काही लपवत नाय तुझ्यापासून."

तिने बापाच्या त्या हाताकडे बघितलं. मग पटाशीकडे. रागाने नाही, रुसून नाही. पाहुणे म्हणून गेल्यावर कोणी दुसऱ्यांदा वाढायला आणलं की आपण नको म्हणतो, तेवढ्याच साधेपणाने ती म्हणाली, "राहू दे." आणि पुस्तक घेऊन आत गेली.

जिवाने डाव्या हाताने एक-दोन घाव घालून बघितले. ओंडका लोळायचा, पटाशी सटकायची. दिपेशला वाटलं बाप खेळतोय, तो ओंडक्यावर जाऊन बसला नि घोडा घोडा करायला लागला. मी जाऊन जिवाच्या हातातून पटाशी काढून घेतली. त्याने लगेच दिली, हेच मला जास्त लागलं.

तो ओंडका अजून अंगणात आहे. कधीकधी भांडी घासता घासता मी त्याला कान लावते. आत काही नाही. पीठ नाही, भोक नाही, कर्र नाही. एवढं चांगलं लाकूड आमच्या दारात कधी आलं नव्हतं. करिष्मा संध्याकाळी त्याच्यावर बसून वेणी घालते.